जू, कलम आणि राखेखालचा निखारा : नव्या विश्वासणाऱ्यांसाठी घरचे वस्तुपाठ

विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या आणि ख्रिस्ताच्या विश्वासात नुकत्याच आलेल्या माणसापुढे एक अडचण हमखास उभी राहते. रविवारी उपासनेत ऐकलेले वचन सोमवारी डवऱ्यामागे चालताना आठवत नाही. मंडळी (चर्च) तालुक्याच्या गावी असते, पाळकसाहेब (पास्टर) एकटेच अनेक गावे सांभाळत असतात, आणि घरी नवा करार उघडला तर पहिल्याच पानावर वंशावळ लागते. अशा माणसासाठी, आणि आपल्या ओसरीवर चार जणांना जमवून प्रार्थना चालवू पाहणाऱ्या नवख्या सेवकासाठी, हा लेख लिहिला आहे. त्यात सांगितलेली रीत साधी आहे. घरातली किंवा शेतातली रोजची एखादी वस्तू हातात घ्यावी, तिच्यासोबत वचनाचा एक उतारा वाचावा, आणि पुढचे सात दिवस त्या वस्तूला हात लागेल तेव्हा तेव्हा ते वचन आचरून पाहावे. याला वस्तुपाठ म्हणतात.

ही रीत पवित्र शास्त्राइतकीच जुनी आहे. देवाने यिर्मयाला कुंभाराच्या घरी पाठवले आणि चाकावर बिघडलेल्या भांड्याचे दुसरे भांडे होताना पाहायला लावले. आमोसाला आधी ओळंबा दाखवला आणि नंतर पिकलेल्या फळांची टोपली. प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो. प्रभू येशूला कराविषयी विचारले तेव्हा त्याने नाणे मागवून घेतले, आणि आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद झाला तेव्हा एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले. दाखला कानांनी ऐकायचा असतो. वस्तुपाठात हात गुंततो, आणि ज्या कामात हात गुंतला ते शेतकऱ्याचे मन सहसा विसरत नाही.

वस्तू कशी निवडावी

पहिली पायरी निवडीची आहे आणि बहुतेक नवखे सेवक येथेच चुकतात. शहरातून आणलेली रंगीत चित्रे, रंग बदलणारी पाण्याची बाटली, मेणबत्तीचे चमत्कार असे काही दाखवले की मुले टाळ्या वाजवतात. पण ती वस्तू सेवकासोबत पिशवीत परत जाते आणि तिच्यासोबत वचनही जाते. म्हणून वस्तू अशी निवडावी की जिला ऐकणाऱ्याचा हात उद्या सकाळी आपसूक लागणार आहे. भाकर थापणाऱ्या बाईसाठी परात, गुराख्यासाठी दावे, विद्यार्थ्यासाठी दप्तर. ज्या वस्तूविषयी ऐकणाऱ्याला आपल्यापेक्षा अधिक कळते ती वस्तू सर्वांत उत्तम, कारण मग तो नुसता ऐकत बसत नाही, आपल्याला सांगू लागतो.

आपल्या भोवतालच्या जमिनीकडे बारकाईने पाहणे म्हणजे वचनापासून दूर जाणे, असे काही भाविकांना वाटते. त्यांनी स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण आठवावे. ते १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले, तेथे त्यांनी शाळा चालवली, शुभवर्तमान सांगितले, आणि त्याच परिसरातल्या खडकांचा व जीवाश्मांचा इतक्या आस्थेने अभ्यास केला की एका खनिजाला हिस्लोपाइट असे नाव मिळाले. त्यांच्या हातात शास्त्रही होते आणि दगडही होता.

दुसरी पायरी म्हणजे आपण स्वतः तो उतारा आदल्या दिवशी तीन वेळा वाचावा, आणि तोही मागच्या-पुढच्या ओळींसकट. वस्तू आधी सुचली आणि तिला शोभेल असे वचन नंतर ओढून आणले, तर पाठ आकर्षक होतो, पण शास्त्राच्या तोंडी आपलेच विचार घातले जातात. तिसरी पायरी कृतीची: आधी वस्तू सर्वांच्या हातांतून फिरू द्यावी, तिच्यासोबतचे काम प्रत्यक्ष करावे, आणि मगच बोलावे. चौथी पायरी ही की एका वस्तूतून एकच सत्य सांगावे. मिठात सात गुण असतील, पण त्या संध्याकाळी एकाच गुणाविषयी बोलावे. भाषा घरातली असावी. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर साध्या, फारशा न शिकलेल्या लोकांना कळावे याच हेतूने केले होते, आणि आपल्या ओसरीवरच्या बोलण्याला यापेक्षा वेगळी कसोटी लावण्याचे कारण नाही. पाचव्या पायरीत आठवडाभर करायचे एक छोटे काम ठरवावे. ते इतके छोटे असावे की काढणीच्या दिवसांतही जमेल.

चुलीपासून सुरुवात

पहिला वस्तुपाठ म्हणून मी नेहमी राखेखालचा निखारा सुचवतो, कारण त्याला खर्च नाही आणि तो रात्रीपासून सकाळपर्यंत आपले काम करीत राहतो. घरात गॅस आला असला तरी आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणातली चूल अजून पुष्कळ घरांत पेटते. पूर्वी आगपेटी जपून वापरायची असे, म्हणून रात्री चूल पूर्ण विझवत नसत. निखारा राखेत दाबून ठेवत, पहाटे राख सारून वर काडीकचरा ठेवत आणि फुंकणीने फुंकून जाळ करीत. ज्या घरचा विस्तव रात्रीतून विझे, त्या घरची बाई शेजारणीकडे गोवरीवर विस्तव मागायला जाई. घरातल्या आजीला याविषयी विचारावे; ती आपल्यापेक्षा चांगले सांगेल.

रात्रीचे जेवण झाल्यावर सर्वांसमोर एक निखारा राखेत खोल दाबावा आणि दुसरा चुलीबाहेर दगडावर उघडा ठेवावा. लहान मुलांना हात लावू देऊ नये. सकाळी दोन्ही पाहावेत: उघडा निखारा काळा आणि थंड झालेला असतो, तर राखेखालचा बहुधा अजून लाल असतो आणि फुंकर घालताच फुलतो. आता पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय काढून पाचवे व सहावे वचन वाचावे. पौल तीमथ्याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण देतो, आणि लगेच पुढच्या वचनात त्याला सांगतो की तुझ्यातले देवाचे कृपादान पुन्हा प्रज्वलित कर. आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे आलेला विस्तव हे चित्र आपल्या आजीला समजावून सांगावे लागत नाही. जो आपल्या घरातला पहिलाच विश्वासणारा आहे त्यालाही येथे जागा आहे, कारण त्यानेही कोणा शेजाऱ्याकडूनच गोवरीवर विस्तव आणलेला असतो. त्या शेजाऱ्याचे नाव घेऊन त्या सकाळी देवाचे आभार मानावेत.

आठवड्याचे काम हे की चूल किंवा गॅस पेटवण्यापूर्वी पाच मिनिटे प्रार्थना करावी. चुलीतून बाजूला काढलेला निखारा विझतो म्हणून मंडळीची संगत सोडू नये, असा पाठ पुष्कळ ठिकाणी याच वस्तूवरून देतात. तो खरा आहे, परंतु तो वेगळा पाठ आहे आणि वेगळ्या दिवशी द्यावा.

पहिल्या सरीनंतरची ओल

दुसरा पाठ जूनमध्ये द्यायचा आहे. कृषी विभाग दर खरिपात बजावतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. तरीही मृगाची पहिली जोरदार सर आली की मन राहत नाही, बियाणे जमिनीत पडते, कोंब वर येतात, मग पंधरा दिवस ऊन तापते आणि दुबार पेरणीची वेळ येते. पहिल्या सरीनंतर शेतात दोन ठिकाणी खुरप्याने जमीन उकरावी आणि ओल किती खोल गेली आहे ते बोटाने मोजावे. वरची माती चिखलासारखी असते आणि चार बोटांखाली कोरडी धूळ लागते. ती धूळ सर्वांनी हातात घ्यावी आणि तेथेच बांधावर बसून मार्काच्या चौथ्या अध्यायाची पहिली वीस वचने वाचावीत. खडकाळ जमिनीत पडलेले बी लगेच उगवले, कारण माती खोल नव्हती, आणि सूर्य वर आल्यावर करपले, कारण त्याला मूळ नव्हते. या दाखल्याचा अर्थ प्रभूने स्वतःच सांगितला आहे, त्यामुळे आपल्याला आपल्या पदरचे काही घालावे लागत नाही.

बाप्तिस्म्यानंतरचे पहिले महिने हे पहिल्या सरीचे दिवस असतात. गाणी पाठ होतात, साक्ष द्यावीशी वाटते, आणि पहिल्याच संकटात, म्हणजे भावकीत कोणी बोलणे बंद केले किंवा मुलाचा ताप चार दिवस उतरला नाही की पाने माना टाकतात. उत्साह वाईट नसतो; वरची ओलही खऱ्या पावसाचीच असते. फक्त ती खाली मुरायला हवी. त्यासाठी नवख्याने मत्तयाऐवजी मार्कापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. मार्काचे १६ अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय वाचला तर ३२ दिवसांत शुभवर्तमान पूर्ण होते, आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून वाचावे. दुसऱ्या वाचनात जे कळते ते पहिल्यात कळलेले नसते.

मुलांसाठी याच दिवसांत एक सोपा प्रकार करता येतो. सोयाबीनची उगवणक्षमता तपासण्यासाठी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य मानतो. ते गोणपाट मुलांच्या ताब्यात द्यावे, रोज पाणी शिंपडायला सांगावे, पण आठवडाभर उघडू देऊ नये. त्याच चौथ्या अध्यायात पुढे २६ ते २९ या वचनांत, माणूस रात्री निजतो आणि दिवसा उठतो आणि बी कसे रुजते ते त्याला कळतही नाही, असे प्रभू सांगतो. मुलांना हे वचन त्या आठ दिवसांच्या अधीरतेतून जसे कळते तसे फळ्यावर शिकवून कळत नाही.

जू आणि आवतण

माझ्या दृष्टीने विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी सर्वांत मोलाचा वस्तुपाठ जुवाचा आहे, आणि तो पोळ्याच्या दिवसांत द्यावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन त्यांचे खांदे हळद आणि तुपाने शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सुजलेला, कधी सोललेला असतो. खांदे शेकून झाल्यावर धनी बैलाला म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ राबून थकलेल्या जिवाला मालक स्वतः जवळ जाऊन जेवायला बोलावतो, असे हे वाक्य आहे. सणाचे इतर विधी ज्याने त्याने आपल्या विश्वासाप्रमाणे ठरवावेत आणि शेजाऱ्याच्या सणाविषयी उणा शब्द काढू नये. परंतु हे आवतण मनात ठेवून मत्तयाचा अकरावा अध्याय उघडावा. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ हे वचन शहरातल्या माणसाला सांत्वन वाटते. ज्याने कालच बैलाचा खांदा शेकला आहे त्याला ते आवतण म्हणून ऐकू येते.

पुढच्याच वचनात प्रभू आपले जू घ्यायला सांगतो, आणि येथे नवखा अडखळतो. विसावा देणारा पुन्हा जू का देतो? हे शब्दांनी समजावू नये. गोठ्यातले जू आणावे. घरात बैल नसतील आणि ट्रॅक्टर भाड्याने घेत असाल तर एक मजबूत बांबू चालेल. एका बाजूला धट्टाकट्टा माणूस आणि दुसऱ्या बाजूला दहा-बारा वर्षांचा मुलगा उभा करावा, जू दोघांच्या खांद्यांवर ठेवावे आणि बरोबर मध्यावर पाण्याने अर्धी भरलेली घागर टांगावी. मुलाला विचारावे, किती जड लागते. मग घागर मोठ्या माणसाच्या बाजूला हातभर सरकवावी आणि पुन्हा विचारावे. मुलगा हसतो, कारण घागर तीच असून त्याचे ओझे कितीतरी कमी झालेले असते. शेवटी घागर मोठ्या माणसाच्या खांद्याजवळ न्यावी आणि दोघांना अंगणात चालायला लावावे. मुलाने पाय मात्र मोठ्याच्या चालीनेच टाकायचे असतात. तो घाईने पुढे गेला किंवा रेंगाळला तर घागर डोलू लागते आणि पाणी सांडते.

गोऱ्ह्याला कामाला लावताना आपण त्याला शिकलेल्या बैलासोबतच जुंपतो, हे शेतकऱ्याला या वेळी आपोआप आठवते आणि तो ते स्वतः बोलून दाखवतो. त्याने ते बोलेपर्यंत सेवकाने थांबावे. मग एवढेच सांगावे की दुसऱ्या बाजूला प्रभू आहे, म्हणून जू सोयीचे आणि ओझे हलके. त्या आठवड्याचे काम असे: मनावर जे ओझे आहे, सावकाराचे असो, बँकेचे असो, मुलीच्या लग्नाचे असो, ते रोज रात्री नाव घेऊन प्रार्थनेत सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याबाबत जे एक पाऊल टाकता येईल तेच टाकावे. प्रार्थना केली म्हणून बँकेत जायचे नाही, असा अर्थ कोणी काढू नये, गोऱ्हासुद्धा चालतोच.

संत्र्याचे कलम

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या वाचकांना हा पाठ अधिक जवळचा वाटेल. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते गोड फळ ज्या मुळावर उभे असते ते मूळ बहुधा संत्र्याचे नसते. जंभेरीचे, म्हणजे एका आंबट रानटी लिंबाचे, रोप वाढवून त्याच्यावर संत्र्याचा डोळा (फुटणारी कळी) बांधतात. डोळा फुटला की वरचे जंभेरीचे खोड छाटतात, आणि त्यानंतर त्या झाडाला संत्री लागतात. तरीही जोडाच्या खालून जंभेरीचे फुटवे वर्षानुवर्षे येत राहतात. ते जोमदार असतात, काटेरी असतात, आणि वेळीच काढले नाहीत तर अन्न स्वतः ओढून घेतात, वरचा संत्रा दुबळा होतो, आणि एक दिवस बागेत आंबट फळांचे झुडूप उभे राहते.

बागायतदाराच्या परवानगीने बागेत जावे. प्रत्येकाने गुडघ्यावर बसून कलमाचा जोड बोटाने चाचपावा, आणि जोडाखालचा फुटवा कोणता ते स्वतः ओळखून दाखवावे. नवख्याला पहिल्यांदा तो ओळखता येत नाही. हिरवा, ताजा, वाढणारा फुटवा काढून टाकायचा हे मनाला पटतही नाही. बागायतदाराने तो काढून दाखवल्यावर गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातली १६ ते २५ ही वचने वाचावीत. तेथे देहाची कामे आणि आत्म्याचे फळ यांच्या दोन याद्या आहेत. विश्वासात आल्यावर जुना स्वभाव मुळासकट नाहीसा होतो असे समजणारा माणूस सहा महिन्यांनी स्वतःच्या तोंडून जुनी शिवी ऐकतो, आणि आपला बाप्तिस्माच खोटा होता की काय म्हणून खचतो. त्याला सांगावे की जोडाखालून फुटवा आला म्हणजे कलम वाया गेले असे नाही. फुटवा दिसला की त्याच दिवशी काढावा, कारण आज तो नखाने निघतो आणि वर्षभराने त्याला कुऱ्हाड लागते.

येथे एक सावधगिरी हवी, आणि ती मी आग्रहाने सांगतो. कलम म्हटले की रोमकरांचा अकरावा अध्याय सर्वांना आठवतो आणि तो येथे जोडून वाचण्याचा मोह होतो. परंतु तेथील चित्र उलट आहे. पौल रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनाच्या मुळावर लावल्याचे सांगतो, आणि हे निसर्गक्रमाविरुद्ध आहे असे तो स्वतःच म्हणतो. आपल्या बागेत मूळ रानटी आणि डोळा चांगला असतो. दोन्ही एकत्र केले तर ज्याला कलम बांधता येते तो शेतकरी गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ योग्यच असतो. रोमकरांचा तो अध्याय परराष्ट्रीयांनी (यहूदी नसलेल्यांनी) इस्राएलापुढे गर्व करू नये यासाठी आहे. त्यासाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवावी.

थोडक्यात उरकण्यासारखे काही

मिठाचा पाठ सर्वांना माहीत असतो, म्हणून तो लांबवू नये. एक वाटी बिनमिठाचे वरण सर्वांना चाखायला द्यावे, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले तेरावे वचन वाचावे आणि उठावे. अंबाडीच्या तीन पदरी दोराचेही तसेच आहे: एक पदर हाताने तोडून पाहावा, मग पीळ दिलेला दोर तोडून पाहावा, आणि उपदेशकाच्या चौथ्या अध्यायातले बारावे वचन वाचावे. हा पाठ नवरा-बायकोला एकत्र प्रार्थनेला बसवण्यासाठी उपयोगी पडतो.

माठाला थोडा अधिक वेळ द्यावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दोन माठ भरून ठेवावेत, एक साधा आणि एक बाहेरून ऑइल पेंटने रंगवलेला. दुपारी दोन्हींतले पाणी प्यावे. रंगवलेला माठ देखणा दिसतो, पण त्याची छिद्रे बुजलेली असतात, पाणी पाझरत नाही, बाहेर हवेत उडून जात नाही, आणि म्हणून थंडही होत नाही. दुसऱ्या करिंथकरांच्या चौथ्या अध्यायातले सातवे वचन सांगते की ही संपत्ती आपल्याजवळ मातीच्या भांड्यांत आहे. साक्ष देताना आपली कच्ची बाजू झाकणाऱ्या भावा-बहिणींनी हे पाणी अवश्य पिऊन पाहावे.

किडलेले बोंड

कपाशीचा पाठ मी शेवटी ठेवला आहे, कारण तो मी एकदा फार चुकीच्या रीतीने दिला. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी मोठ्या प्रमाणावर गेली. त्या वर्षी दिवाळीनंतर एका घरी संगतीला, म्हणजे घरच्या प्रार्थनेच्या बैठकीला, जाताना मी एक फुललेले, पांढरेशुभ्र बोंड घेऊन गेलो आणि गलतीकरांच्या सहाव्या अध्यायातले पेरणी-कापणीचे वचन वाचले. माणूस जे पेरतो तेच कापतो, असे मी समजावून सांगत असताना घरधनी शांतपणे उठून गोठ्याकडे निघून गेला. त्याच्या शेतातला कापूस एका वेचणीत संपला होता आणि मी ते विचारलेही नव्हते. माझ्या तोंडून त्याने एवढेच ऐकले की त्याच्या पेरण्यातच काही खोट होती. पुढच्या आठवड्यात मी रिकाम्या हाताने गेलो, त्याची क्षमा मागितली आणि काहीही न शिकवता बसून राहिलो.

म्हणून पिकाच्या वस्तूंवरून पाठ देताना आधी त्या घरचे पीक कसे आहे ते विचारावे. नापिकी हा विश्वासाच्या उणिवेचा पुरावा आहे असे शब्दाने, सुराने किंवा वचनाच्या निवडीने कधीही सुचवू नये. आपल्या भागात कर्ज आणि नापिकीपायी माणसे जिवाला मुकली आहेत. येथे चुकीच्या वेळी वाचलेले खरे वचनसुद्धा घाव घालते. एखादा भाऊ फार खचलेला दिसला, जगण्यावरच बोलू लागला, तर वस्तुपाठ बाजूला ठेवावा, त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि डॉक्टरांकडे सोबत जावे.

काही आठवड्यांनी त्याच घरधन्याने स्वतः एक किडके बोंड आणून चटईवर ठेवले आणि म्हणाला, ‘भाऊ, आज याच्यावर वाचा.’ आम्ही हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायातली १७ आणि १८ ही वचने वाचली. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे संदेष्टा म्हणतो. संदेष्टा नुकसानीची यादी एकेक नाव घेऊन करतो; ती झाकत नाही. त्या रात्री आम्हीही घरच्या नुकसानीची यादी मोठ्याने वाचली आणि मगच प्रार्थना केली.

याच बोंडाचा आणखी एक पाठ आहे, तो मात्र पीक बरे असलेल्या वर्षी आणि मोठ्यांसाठीच ठेवावा. बोंडअळी बारीक असताना आत शिरते, तिचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. म्हणून शेतकरी २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहतो. एकोणचाळिसाव्या नव्हे, एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राची शेवटची दोन वचने (आकड्यात १३९, कारण येथे वाचताना नेहमी गफलत होते) ही अशाच तपासणीची प्रार्थना आहेत. ती प्रत्येकाने आपल्यापुरती करावी. दुसऱ्याचे बोंड फोडू नये.

चालवताना सांभाळायच्या गोष्टी

पूर्ण संगत वीस-पंचवीस मिनिटांची असावी, कारण दिवसभर राबलेली माणसे समोर बसलेली असतात. वस्तू म्हणून धान्य वापरले तर ते नंतर शिजवावे किंवा पाखरांना घालावे. अन्न वाया घालवून दिलेला पाठ खेड्यात कोणी मनावर घेत नाही. फवारणीच्या औषधाचे डबे, रिकामे असले तरी, मुलांसमोर कधी आणू नयेत. पाठ संपल्यावर वस्तू आपल्या जागी परत जावी. ती कोपऱ्यात जपून ठेवून तिच्यापुढे प्रार्थना सुरू झाली, किंवा कोणी ती ताइतासारखी सोबत बाळगू लागले, तर त्या वस्तूचा पाठ थांबवावा. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला हे घरच्या वस्तुपाठाचे साहित्य नव्हे. ते मंडळीत, पाळकांच्या हातून, योग्य रीतीने घ्यायचे असते.

एक वही ठेवावी. तीत तारीख, वस्तू, उतारा आणि ठरलेले काम लिहावे, आणि पुढच्या संगतीत सुरुवातीला विचारावे की काम जमले का. जमले नसेल तर रागावू नये आणि नवी वस्तूही घेऊ नये. तोच पाठ पुन्हा करावा. मी काही घरांत निखाऱ्याचा पाठ सलग चार आठवडे दिला आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या वस्तूचे छोटे चित्र वहीत काढावे. ते पाहून ती माणसे सगळा उतारा सांगतात, हे मी अनेकदा ऐकले आहे.

तीन महिने झाले की वस्तू निवडण्याचे काम नवख्यांकडे सोपवावे, आणि पहिल्या वेळी त्यांना मध्येच दुरुस्त करू नये. आमच्या संगतीतल्या एका वृद्ध काकूंची पाळी आली तेव्हा त्या धान्याची चाळणी घेऊन आल्या. वाचता येत नसल्यामुळे त्यांनी नातवाकडून लूकाच्या बाविसाव्या अध्यायातली ३१ आणि ३२ ही वचने वाचून घेतली. शिष्यांना गव्हासारखे चाळण्याची सैतानाची मागणी आणि तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, हे पेत्राला प्रभूने दिलेले आश्वासन त्यांत आहे. काकूंनी चाळणीत गहू घेतला, बराच वेळ चाळला, खाली पडलेली माती सर्वांना दाखवली, आणि मग वर उरलेले गहू एकेकाच्या ओंजळीत घालत, प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना करत पूर्ण ओसरी फिरल्या.